बेळगावला पाव मैल द्या

रस्त्यावर लागलेल्या शर्यतीचा निकाल लागत नाही. पुणे-बंगळूर हायवेवर रात्री अकराच्या पुढं दोन मोटारसायकली सुटतात, कुठल्या तरी पुलापाशी थांबतात आणि तिथं वाद सुरू होतो. एक म्हणतो, मी अख्खी गाडी पुढं होतो. दुसरा म्हणतो, मधे ट्रक आला, नाहीतर दाखवलं असतं. तिसरा शर्यतीत नव्हताच, तोही म्हणतो, तू आधी सोडलास की बे. शेवटी सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं: परत एकदा. आणि ह्या ‘परत एकदा’मध्येच पोरं जातात.

कुस्तीच्या मैदानात ‘निकाली’ हा शब्द आपण किती जपतो. आनंदवाडीच्या आखाड्यात मोठी जोड अर्धा तास झुंजली आणि पंचांनी बरोबरीत सोडवली, तर घरी जाताना माणूस चुकचुकत जातो. निकाली कुस्ती झाली की पडलेला पैलवानही समोरच्याच्या पाठीवर थाप मारून हौद्याबाहेर येतो, कारण बोलायला काही उरलेलं नसतं. हायवेवरची शर्यत ही कायमची बरोबरीत सुटलेली कुस्ती आहे. हौद्यात खाली तांबडी माती असते, इथं डांबर.

माझं म्हणणं सरळ आहे. बेळगाव जिल्ह्यात ड्रॅग रेससाठी, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, एक अधिकृत, मोजलेली, कठडे घातलेली पट्टी हवी. ती होईपर्यंत वर्षातले दोन-तीन रविवार जिल्हा प्रशासनानं एखादा सरळ रस्ता पूर्ण बंद करून, सरकारच्या लेखी संमतीनं, ह्या शर्यती घडवून आणाव्यात. पोरांचे लाड म्हणून मी हे मागत नाही. हा सार्वजनिक सुरक्षेचा विषय आहे असं मला मनापासून वाटतं.

मी उद्यमबागेत लेथवर उमेदवारी केली, पुढं स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. गाड्यांचा नाद शाळेपासूनचा. स्वतः कधी शर्यतीत उतरलो नाही, पण कडेला उभा राहून बघायला कोल्हापूरला गेलो, गोव्याला गेलो, लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत बघायला रात्रभर गाडी मारत गेलो. कठड्याला छाती टेकवून, कानात कापसाचे बोळे घालून दिवसभर उभं राहिल्यावर ह्या खेळाबद्दलचं माझं मत बदललं. लांबून तो नुसता आवाज आणि धूर वाटतो. जवळून कळतं की ही सगळी करामत मोजमापाची आहे.

ड्रॅग रेसमध्ये वळण नाही. सरळ पट्टी, दोन लेन, अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. गाडी रेषेवर येण्याआधी मागचं चाक जागच्या जागी फिरवून टायर तापवतात, कारण गार रबर डांबर धरत नाही. मग गाडी इंच इंच पुढं सरकते. रस्त्याला आडवा एक प्रकाशाचा किरण असतो. पुढचं चाक त्यात शिरलं की खांबावरचा वरचा छोटा दिवा लागतो. ह्या खांबाला जगभर ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात, आपली पोरं नुसतं ‘ट्री’ म्हणतात. दोन्ही गाड्या जागेवर आल्या की तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं खाली उतरत येतात, त्यानंतर अर्ध्या सेकंदानं हिरवा. हिरव्याआधी चाक हललं की तांबडा लागतो आणि शर्यत तिथंच संपते, गाडी कितीही ताकदीची असो.

आता खरी गंमत. घड्याळं दोन चालतात. हिरवा लागल्यापासून चाक हलेपर्यंत किती वेळ गेला, तो एक आकडा. चाक हलल्यापासून पाव मैल पार होईपर्यंत किती लागला, तो दुसरा. पहिला आकडा माणसाचा, दुसरा मुख्यतः गाडीचा. दोन्ही चिठ्ठीवर छापून हातात मिळतात. शेवटच्या रेषेवर गाडी ताशी १२० किलोमीटरनं जात असेल, तर सेकंदाच्या दहाव्या भागात ती सव्वातीन मीटर कापते, म्हणजे मोटारसायकलच्या लांबीपेक्षा जास्त. डोळ्याला ‘अख्खी गाडी पुढं’ दिसलेली ती एवढीशी चूक असते.

एकदा आमच्याच भागातला, फाउंड्रीत कामाला असलेला एक पोरगा जुनी यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल घेऊन उतरला होता आणि हरला. चिठ्ठी हातात घेऊन तो कठड्यापाशी आला. त्याचा पाव मैलाचा वेळ जिंकणाऱ्यापेक्षा कमी होता, म्हणजे गाडी त्याचीच जास्त पळाली होती. पण दिवा लागल्यावर सुटायला उशीर झाला होता. त्यानं चिठ्ठी दोन-तीनदा वाचली, दोस्ताला दाखवली आणि म्हणाला, “गाडीचं कायबी न्हाई ओ काका, मीच लेट सोडलोय.” मी थक्क झालो. हायवेवर हे वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तिथं दोष ट्रकचा, खड्ड्याचा, दुसऱ्याच्या लबाडीचा असतो. इथं कागदानं सांगितलं आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरानं ते मान्य केलं.

पैसेवाल्यांचा खेळ आहे, गरिबाच्या पोरानं काय करायचं, असं मला बरेच जण विचारतात. त्याला उत्तर खेळातच आहे. ‘ब्रॅकेट’ नावाचा एक प्रकार असतो. त्यात प्रत्येकानं आधीच लिहून द्यायचं की माझी गाडी किती सेकंदांत पाव मैल काढेल. समजा एकानं सतरा सेकंद लिहिले आणि दुसऱ्यानं महागड्या गाडीवर तेरा. मग सतरावाल्याला हिरवा दिवा चार सेकंद आधी मिळतो. आणि कुणी मुद्दाम जास्त वेळ लिहून लबाडी केली, म्हणजे सांगितल्यापेक्षा लवकर पोचला, तर तो बाद. ज्याला आपली गाडी नेमकी माहीत आहे आणि जो दिव्यावर बरोबर सुटतो, तो जिंकतो. वडिलांच्या जुन्या गाडीवर आलेला पोरगा लाखांच्या गाडीला ह्यात हरवू शकतो, आणि हरवताना मी बघितलंय. रस्त्यावर मात्र ज्याच्या बापाकडं पैसा तोच पुढं. ज्याच्याकडं नाही तो जीव जास्त घालून ती कसर भरून काढतो.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. शर्यत आपल्याला कुणी शिकवायला नको. गावोगावच्या जत्रेत बैलगाड्या पळतात, चिकोडी-निपाणी भागात घोडागाड्या पळतात, मागं ट्रॉली जोडून ट्रॅक्टर रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धांना माळावर माणूस मावत नाही. बेळगाव तालुक्यात काही गावांत बैलजोडीनं ठरलेल्या वेळात गाडी किती फूट नेली हे टेप लावून मोजतात. म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत इथल्या शेतकऱ्याला चांगली कळते. येळ्ळूरच्या म्हाताऱ्याला मी ब्रॅकेट समजावून सांगितलं, तर त्यानं दोन मिनिटांत उलटा प्रश्न टाकला: “पण लिहून दिलेल्यात फूटभर इकडंतिकडं झालं तर पंच कोण ओ?”

बैलांच्या शर्यतीचं काय झालं ते आठवून बघा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती बंद झाल्या. गावोगाव मोर्चे निघाले. २०१७ मध्ये कर्नाटकानं कंबळ (रेड्यांची शर्यत) आणि बैलगाडी शर्यतीसाठी कायद्यात दुरुस्ती केली, महाराष्ट्रानंही केली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक ह्या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. ह्या सगळ्यात कुणी असं म्हटलं नाही की शर्यतीचा नाद वाईट, तो पोटात दाबून टाका. म्हटलं गेलं ते असं: शर्यत होऊ दे, पण बैलाला इजा होणार नाही ह्याची व्यवस्था लावून होऊ दे. मला ते योग्य वाटलं आणि आजही वाटतं. मग जी काळजी आपण बैलाच्या जिवाची घेतली, ती वीस वर्षांच्या पोराच्या जिवाची का घेत नाही? त्याच्या वाट्याला फक्त पोलिसाची काठी आणि दंडाची पावती.

दंड नको असं मी म्हणत नाही. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला पकडलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अल्पवयीन पोरानं वाहतुकीचा गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ठीकच आहे. पण कलम १८९ नीट वाचलं तर त्यात एक शब्दसमूह आहे, ज्याकडं कुणी बघत नाही: राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय. म्हणजे कायद्यानं शर्यत सरसकट नाकारलेली नाही. संमती द्यायचा दरवाजा कायद्यानंच ठेवलाय, आपण त्या दरवाजावर जाऊन थाप मारत नाही इतकंच.

ही कल्पना काही माझी नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हेच चाललं होतं: परत आलेले तरुण, स्वस्त जुन्या गाड्या, रात्रीचे रस्ते, रोजचे अपघात. १९५१ साली वॉली पार्क्स ह्यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, ती पोरांना रस्त्यावरून उचलून मोजलेल्या पट्टीवर आणायला. त्यांची पहिली अधिकृत शर्यत १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना गावी झाली, तीही जत्रेच्या मैदानाला लागून असलेल्या पार्किंगच्या जागेवर. गावच्या पोलिसांनी त्यात अडथळा आणला नाही, हात दिला. पुढच्याच वर्षी संघटनेची माणसं गाडीत सामान भरून गावोगाव फिरली आणि शर्यत सुरक्षित कशी घ्यायची हे स्थानिक क्लबांना शिकवत गेली. त्या पथकाचा म्होरक्या पोमोनाचाच पोलीस सार्जंट होता, बड कून्स. पोलीस खात्यातला माणूस ड्रॅग रेस शिकवत देशभर हिंडतोय हे चित्र मला फार आवडतं. आमच्याकडचा एखादा सीपीआय (सर्कल पोलीस इन्स्पेक्टर) साहेब असं करेल तर मी त्यांच्यासाठी स्वतः डबा घेऊन जाईन.

आपल्या देशातही हे नवीन नाही. चेन्नईजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या विमानपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं कित्येक वर्षं शर्यती घेतल्या. नंतर इरुंगट्टुकोट्टईला त्यांचा स्वतःचा ट्रॅक झाला, आणि मोटारसायकलींची राष्ट्रीय ड्रॅग रेसिंग स्पर्धा तिथं होते. कोल्हापूरजवळच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात. पण बेळगावच्या पोरानं चेन्नईला जायचं म्हणजे आठशे किलोमीटर, गाडी टेम्पोत घालून, चार दिवसांची मजुरी बुडवून. तो जात नाही. तो काकतीच्या पुढं हायवेला जातो.

आणि हायवेला काय असतं? गळीत हंगामात संकेश्वर-निपाणी पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या जातात. एकामागं एक दोन जोडलेल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ताशी १२० ला ब्रेक लावून थांबायला, भान यायचा एक सेकंद धरून, चांगल्या टायरवरसुद्धा शंभर मीटरपेक्षा जास्त जागा लागते. ट्रॉली दिसते तीस मीटरवर. पुढचं गणित मांडायची गरज नाही. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरची होती, आणि एकूण मृत्यूंतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक ठिकाणी अतिवेग हे कारण नोंदलं गेलं. ह्यात शर्यत लावून गेलेले किती, ते वेगळं लिहिलं जात नाही. आमच्या गल्लीत मात्र आम्हाला नावं माहीत आहेत.

दुसरं एक ह्या गावाचं वैशिष्ट्य आहे, त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. उद्यमबाग, मच्छे, नावगे ह्या भागात फाउंड्री आणि मशिनिंगची जी परंपरा आहे, ती कुठल्याही मोठ्या शहराला लाजवेल अशी. हत्तरगीला तर विमानाचे भाग बनतात. सेंटीमीटरच्या हजाराव्या भागात काम करणारे हात इथं आयटीआय सुटल्या सुटल्या तयार होतात. हीच पोरं रात्री मिस्त्रीच्या शेडमध्ये आरएक्सचं पोर्टिंग करतात, हेड घासतात, जेट बदलतात, स्प्रॉकेटचे दात कमीजास्त करून बघतात. १९९६ साली बंद झालेली ९८ सीसीची गाडी, तिचे भाग बाजारात मिळत नाहीत, तर ही पोरं ते स्वतः खराद्यावर काढतात. ही विद्या आहे. पण तशी गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे, आणि असायलाच हवं. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरनं म्हाताऱ्याकोताऱ्यांची झोप उडते, हॉस्पिटलसमोरून जाताना लाज वाटते. म्हणजे ह्या विद्येला उजेडात यायला जागाच नाही. पट्टीवर तिला जागा मिळते. केलेल्या कामाचा गुण किती हे घड्याळ सांगतं, आणि गाडी टेम्पोतून येते आणि टेम्पोतून परत जाते. ‘रस्त्यावर अशी गाडी चालवताना सापडलास तर पट्टीवर पाय ठेवायचा नाही’ हा एक नियम पोरांवर जेवढा चालेल तेवढा पाच हजारांचा दंड चालणार नाही, हे मी त्यांच्यात ऊठबस करून सांगतो.

जमिनीचा प्रश्न येणार, आणि तो यायलाच पाहिजे. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी पिकाऊ जमिनीसाठी शेतकऱ्यांनी किती वर्षं टाचा घासल्या ते आपण बघितलं. वडगाव-येळ्ळूर शिवारातला बासमतीचा एक गुंठासुद्धा ह्या कामाला जाता कामा नये. तशी वेळ आली तर मी शेतकऱ्यांच्या बाजूनं उभा राहीन. पण हिशेब करून बघा. पाव मैल शर्यतीचा, आणि थांबायला त्याच्या दुप्पट, अशी पट्टी बाराशे मीटर. रुंदी साठ फूट. ही जागा भरते साडेपाच एकरांच्या आसपास. कठडे, गाड्या लावायची जागा, माणसं उभी राहायची जागा धरून दहा-बारा एकर. पिकाखाली नसलेला, सरकारच्याच ताब्यातला एवढा खडकाळ माळ ह्या जिल्ह्यात सापडणार नाही हे मला पटत नाही.

थांबायच्या जागेवर मी मुद्दाम भर देतोय. २००८ साली अमेरिकेत स्कॉट कालिटा हा नावाजलेला ड्रायव्हर गेला, तो शेवटची रेषा ओलांडल्यावर. गाडी थांबली नाही. त्यानंतर सर्वांत वेगवान गाड्यांसाठी पाव मैलाऐवजी हजार फूट, म्हणजे ३०५ मीटर, अंतर केलं गेलं. हा खेळ निर्धोक आहे असं म्हणणारा खोटं बोलतो. पण तिथं एक माणूस गेला आणि नियम बदलला, कारण नोंद ठेवणारी संघटना होती. आपल्याकडं हायवेवर पोरगा गेला की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो, आणि त्या फ्लेक्सखालून त्याच रात्री त्याचे मित्र गाड्या सोडतात.

आणि अर्धवट केलेलं काम तर न केल्यापेक्षा वाईट. काही वर्षांपूर्वी नव्या लेआउटच्या रस्त्यावर हौशी लोकांनी भरवलेली एक ‘ड्रॅग’ मी बघितली. कठडे म्हणून दोरी बांधलेली. लोक दोरीच्या आत, मोबाइल पुढं धरून. ॲम्ब्युलन्स नाही. निकाल सांगणारा माणूस शेवटच्या रेषेवर खुर्ची टाकून बसलेला, त्याच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. चौथ्या जोडीतली एक गाडी डुगडुगली, दोरीला घासून गेली आणि एका लहान पोराच्या हाताला लागली. हात वाचला. मी तेव्हा ओरडलो, भांडलो, आणि तिथून निघालो. त्या दिवशी मला कळलं की परवानगी मागणं हा कागदी सोपस्कार नव्हे. परवानगी मागितली की कुणाला तरी विचारावं लागतं: कठडा कुठला, डॉक्टर कोण, हेल्मेट कोण तपासणार?

म्हणून माझी मागणी सगळी एकत्र आहे, त्यातला सोयीचा तुकडा उचलू नये. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या नियमांनी शर्यत, मोजणीचं यंत्र, सिमेंटचे कठडे, माणसं कठड्यापासून लांब, दोन ॲम्ब्युलन्स, अग्निशमनचा बंब, लायसन्स नसलेल्याला प्रवेश नाही, आणि पैजेचा एक रुपया दिसला तर शर्यत बंद. आणखी एक गोष्ट, जी बेळगावबाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल: सुरक्षेच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही छापा आणि माइकवरूनही दोन्हीत सांगा. खानापूर, बेळगाव तालुक्यातून येणाऱ्या अर्ध्या पोरांना कन्नड बोलता येतं पण वाचायला अडखळतात. ‘डाव्या लेनमध्ये तांबडा दिवा लागला तर क्लच दाबून सावकाश डावीकडं घ्या’ हे वाक्य ज्याला वाचता आलं नाही तो उजवीकडं घेईल, आणि उजवीकडं दुसरी गाडी असेल. सीमाप्रश्नाचं जे व्हायचं ते न्यायालयात होईल. ही सूचना त्यासाठी थांबू शकत नाही.

लोक म्हणतात, पट्टी दिली तर उलट नाद वाढेल, पोरं तिथून निघाल्यावर रस्त्यावर तेच करतील. काही करतील. सगळी पोरं सुधारतील असं मी कुणाला वचन देत नाही. पण दिवसभर दिव्याकडं टक लावून, चार-पाच फेऱ्या मारून, चिठ्ठ्या खिशात घालून संध्याकाळी घरी चाललेली पोरं मी बघितली आहेत. ती दमलेली असतात आणि चिठ्ठीतल्या आकड्यांबद्दल बोलत असतात. पुढच्या वेळी दोन दात कमी करून बघू, क्लच जरा आधी सोडू. रात्री कुणाला आव्हान द्यायचं हा विषय त्यांच्यात निघत नाही, कारण कोण पुढं होता हे ठरून गेलेलं असतं.

गळीत हंगाम मार्चअखेर संपतो, ट्रॉल्या थांबतात, वळवाला अजून वेळ असतो. एप्रिलचा पहिला किंवा दुसरा रविवार, सकाळी सहा ते अकरा, औद्योगिक वसाहतीतला एक सरळ रस्ता. त्या दिवशी कारखान्यांना सुट्टीच असते. अर्ज मी लिहून ठेवलाय, कन्नडमध्ये आणि मराठीत. उद्यमबागेतल्या काही मिस्त्री लोकांनी सह्या केल्यात. त्या आरएक्सवाल्या पोरानंही केलीय. क्लब किंवा संस्था म्हणून सही करणारं कुणीतरी हवं, एक डॉक्टर हवा, आणि जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज घेऊन माझ्याबरोबर यायला दोन-चार वडीलधारी माणसं हवीत, ज्यांच्या घरात अठरा ते पंचवीसचा पोरगा आहे.